फोर्ट पिटची ती एवढीशी खोली: बाकीचा किल्ला गेला कुठे?

शलाका_क
सध्या लेकाकडे पिट्सबर्गला आहे. पॉइंट स्टेट पार्कात जाऊन आलो, अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगाहेला मिळून ओहायो होते तिथे. ‘फोर्ट पिट’ म्हटल्यावर मी आपली तट-दरवाजे शोधतेय, आणि निघाली काय तर आमच्या तालुक्याच्या जुन्या पोस्टाएवढी विटांची खोली! दारावर दगडात १७६४ साल आणि कर्नल बुके असं नाव. लेक म्हणतो, एवढंच उरलंय. मग बाकीचा किल्ला लढाईत पडला का? आणि ही एकच खोली कशी वाचली? इथलं कुणी असेल तर सांगा.

संगमकाठ
शलाकाताई, मी इथलाच, स्ट्रक्चरल इंजिनिअर. पाहुणे आले की त्यांना तिथे नेणं हे माझ्याकडे ठरलेलं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

किल्ला लढाईत पडला नाही. विकला. १७५८च्या नोव्हेंबरात इंग्रज फौज जवळ आल्यावर फ्रेंचांनी आपला फोर्ट ड्यूकेन स्वतःच पेटवला आणि निघून गेले. मग १७५९ ते १७६१ इंग्रजांनी शेजारीच पाच बुरुजांचा मोठा किल्ला बांधला. जमिनीच्या बाजूला विटांचा तट, नद्यांच्या बाजूला नुसते मातीचे बांध. पाणी मुरलं ते तिथेच. १७६२ आणि १७६३च्या पुरांनी बांध खचले आणि त्याच १७६३च्या उन्हाळ्यात डेलावेर, शॉनी वगैरे इथल्या मूळ रहिवासी जमातींनी किल्ल्याला वेढा घातला. कर्नल हेन्री बुके (माणूस स्विस, नोकरी इंग्रजांची) ऑगस्टमध्ये बुशी रनची लढाई जिंकून मदतीला पोचला. पुढच्या वर्षी त्याने तटाबाहेर छोट्या चौक्या उभारल्या, कच्च्या बाजूंवर नजर राहावी म्हणून. तुम्ही पाहिलीत ती त्यातली एक. किल्ल्याची खोली नव्हेच ती.

पुन्हा गेलात तर भिंतीत आडवे बसवलेले जाड चौकोनी ओंडके नीट बघा. खाली दगड, वर विटा आणि मध्ये हे लाकूड, अशा दोन ओळी, एकीवर एक. बंदुकीची भोकं या लाकडात कोरलेली आहेत, विटांत नाहीत. विटेच्या भिंतीत ओळीने इतकी भोकं पाडायची म्हणजे प्रत्येकाच्या कडा सांभाळत बसा; ओंडक्यात सुताराचं काम, सरळ हिशेब. बांधणाऱ्याचं डोकं मला दरवेळी तिथे दिसतं.

आता वाचली कशी? १७७२मध्ये सैन्याने किल्ला सोडला आणि दोघा जणांना विकून टाकला. अमेरिकेच्या क्रांतियुद्धात (इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात) तो पुन्हा वापरात आला, पण शेवटी विटा-लाकूड गावातल्या घरांना गेलं. या चौकीत मात्र १७८५च्या सुमारास आयझॅक क्रेग नावाच्या अधिकाऱ्याने बिऱ्हाड थाटलं, शेजारी जादा खोल्या काढल्या. त्यानंतर शंभरेक वर्षं तिथे माणसं राहिली, पुढे पुढे तर अगदी गरीब भाडेकरू. सरकारने ‘जतन’ केली असती तर टिकली असती की नाही देव जाणे; चुलीचा धूर निघत होता म्हणून छप्पर शाबूत राहिलं, हे माझं मत.

१८९४मध्ये मालकीणबाई मेरी शेन्ली यांनी ती ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’च्या (क्रांतियुद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशजांची संस्था) बायकांना देऊन टाकली. मग आजूबाजूची जमीन रेल्वेसाठी गेली, आणि ही खोली हलवा म्हणून दबाव आला. बायका हटल्या नाहीत. कोर्ट झालं, विधानसभा झाली, १९०७मध्ये संरक्षणाचा कायदा करून घेतला. आजही ताबा त्यांच्याच संस्थेकडे आहे.

कागदी_वाघ
मस्त माहिती. एक जोड: किल्ल्याच्या नावातला पिट म्हणजे इंग्लंडचा राजकारणी, थोरला विल्यम पिट. आपण शाळेत घोकलेला १७८४चा पिटचा कायदा त्याच्या मुलाचा, धाकट्या विल्यमचा. किल्ला पुरा झाला ते १७६१ म्हणजे आपल्याकडे पानिपताचं साल.
बाकी देवीच्या रोग्यांच्या चादरी इंडियन लोकांना दिल्या त्या याच चौकीतून ना?

संगमकाठ
@कागदी_वाघ, चादरी खऱ्या, चौकी नाही. ती गोष्ट २४ जून १७६३ची, तेव्हा चौकी बांधलीच नव्हती. डेलावेरांचे दोन दूत बोलणी करायला किल्ल्यात आले होते; जाताना त्यांना देवीच्या रुग्णालयातल्या दोन चादरी आणि एक रुमाल दिला. विल्यम ट्रेंट या व्यापाऱ्याने स्वतःच्या रोजनिशीत ते लिहून ठेवलंय, वर ‘परिणाम व्हावा’ अशी इच्छाही. बुकेच्या पाटीसमोर फोटो काढताना हेही माहीत असलेलं बरं.

मेनवासी
चित्रांत दिसतात तशा, वरचा मजला बाहेर काढलेल्या लाकडी चौक्या बघायच्या असतील तर आमच्या मेन राज्यात या. (वरून खाली गोळ्या झाडता याव्यात आणि भिंतीला कुणी आग लावली तर पाणी ओतता यावं, म्हणून तो मजला पुढे.) विन्स्लो गावची फोर्ट हॅलिफॅक्सची चौकी १७५४ची, म्हणजे तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. १९८७च्या एप्रिलमध्ये केनेबेक नदीच्या पुरात अख्खी वाहून गेली! लोकांनी नदीकाठाने ओंडके शोधून गोळा केले आणि १९८८मध्ये पुन्हा उभी केली.

शलाका_क
बापरे, ओंडके गोळा करून! संगमकाठ, आणखी काय बघू तिथे? रविवारी लेकाला सुट्टी आहे.

संगमकाठ
कारंज्याजवळ हिरवळीत फ्रेंचांच्या किल्ल्याची आखणी दगडात दाखवली आहे, त्यावरून चालत जा. तो किती लहान होता ते पायांनाच कळतं. फोर्ट पिट म्युझियम नव्याने बांधलेल्या बुरुजात आहे, त्याला तिकीट पडतं. चौकी फुकट. आतल्या बाईंना भोकांबद्दल विचारा, हौसेने सांगतात.