दोन बोअरमधली वाळू एकच धरायची का? जुन्या डेल्टाचे कोअर वाचताना अडलोय

रंकाळ्याचा_दगड:
मी कोल्हापूरचा, एमएस्सी जिओलॉजी करतोय, प्रोजेक्टला जुन्या डेल्टाच्या दोन बोअरचे कोअर (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्या) आलेत, अंतर किलोमीटरभर. दोन्हीत खाली काळा शेल (चिखलाचा दगड), वर रिपलवाली (पाण्यानं उठलेल्या बारीक लाटांच्या खुणांची) बारीक वाळू, मग जाड सँडस्टोन (वाळूचा दगड) आणि डोक्यावर कोळशाचा पातळ थर. सँडस्टोन एकच समजून लॉगवर (थरांच्या उभ्या नोंदीवर) सरळ रेघ मारली तर चालेल का? आपल्याकडं जिकडं बघावं तिकडं बेसॉल्ट, डेल्टाचा कडा कधी डोळ्यांनी बघितलाच नाही.

कोअरबॉक्स:
सरळ रेघ नको मारू भावा. नदी समुद्रात पुढं सरकते तेव्हा तोंडाशी वाळूचे ढीग, म्हणजे माउथ बार, एकापुढं एक पडतात, छपरावरच्या कौलांसारखे कलते, आणि मधे चिखलाचा पातळ थर राहतो. तुझी वाळू दोन्हीकडं सारखी दिसली तरी वेगळ्या वेळची असू शकते. हा कल बऱ्याचदा जेमतेम अंश-दोन अंशांचा, तेवढ्याशा रुंदीच्या कोअरमध्ये तो आडवाच दिसणार. कोळशाच्या वर समुद्री किड्यांनी उकरलेला शेल आहे का बघ, म्हणजे समुद्र परत आत शिरल्याची खूण. लॉग त्यावरून जुळव, वाळूवरून नको.

माळावरचा:
बरोबर. अजून एक, वर जाईल तसा दाणा मोठा होतोय म्हणजे डेल्टाच असं नाही, लाटांच्या किनाऱ्यावरही तसंच होतं. झाडपाल्याचे काळे तुकडे भरपूर आणि किड्यांची बिळं कमी असतील तर नदीचं तोंड जवळ होतं म्हणायला जागा आहे. हे कोअरमध्येच नीट दिसतं कारण कड्यावर शेल झिजून मातीखाली जातो. उलट थर बाजूला कुठवर पसरलाय, चॅनेलनं (नदीच्या पात्रानं) खालचं कुठं खाल्लंय हे कड्यावरच कळतं. अमेरिकेतल्या युटामधला फेरॉन सँडस्टोन, साधारण 9 कोटी वर्षांपूर्वीचा डेल्टा, तिथं कड्याच्या मागंच बोअर मारून कोअर काढलेत आणि दोन्ही ताडून बघितलंय. त्यावरचे पेपर आधी वाच, माझ्या मते यापेक्षा चांगली शाळा नाही.

रंकाळ्याचा_दगड:
उकरलेला शेल एका बोअरमध्ये आहे, दुसऱ्यात नेमका तिथंच कोअर लॉस, तेवढा तुकडा हाती आलाच नाही. आणि सरावाला कोयनेच्या बोअरचे कोअर चालतील का?

कोअरबॉक्स:
कोअर लॉस असेल तिथं गॅमा लॉग (बोअरमधल्या खडकाच्या किरणोत्साराची नोंद) बघ, शेलला आकडा चढतो. कोयनेत बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइट-नाईस लागलाय, मधे गाळाचा खडकच नाही. त्यापेक्षा संकेश्वरवरनं गोकाकला जा, धबधब्याजवळ कलादगी नावाच्या खडकगटाचा सँडस्टोन उघडा आहे. डेल्टा म्हणून नव्हे, पण क्रॉस बेडिंग (थरातले तिरके पदर) आणि रिपल मोजायचा हात बसेल. पाऊस संपल्यावर जा, पाण्याच्या दिवसांत कड्याजवळ जाऊ नको.