शब्दचर्चा : 'बी मूव्ही'ला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठ (सांगली) :
एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय जुन्या अमेरिकन 'बी मूव्हीज'चा, खुनाच्या रहस्यपटांपासून ड्रॅग रेसिंगपर्यंत. आधी सरळ 'दुय्यम दर्जाचे चित्रपट' लिहून टाकलं. पण लिहिणारा या पिक्चरांवर जीव टाकतोय, आणि माझ्या मराठीत तो दर परिच्छेदाला त्यांची लायकी काढतोय असं वाटायला लागलं. सासऱ्यांना विचारलं, तर "डबा पिच्चर लिही की!" चालेल? आणि ड्रॅग रेसिंगचं काय करू?

पिटातला प्रेक्षक :
सासरेबुवांना नमस्कार, पण डबा नको. रिळं पत्र्याच्या डब्यातून यायची, पडलेला पिक्चर परत डब्यात जायचा, म्हणून डबा, असं जुनी मंडळी सांगतात. म्हणजे डबा हा निकाल झाला. कोट्यवधी ओतलेला पिक्चरही डबा होतो. बी मूव्ही जन्मतःच स्वस्तातला, मग चालो न चालो. 'टुकार' तर शिवीच. 'गल्लाभरू' जवळ जातो, पण गल्ला भरायला निघालेले मोठ्या बजेटवाले काय कमी आहेत?

रीळवाला :
मुळात तो 'बी' म्हणजे दर्जा नव्हे, जागा. १९३० च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतली थिएटरं ओस पडायला लागली, तेव्हा एका तिकिटात दोन पिक्चर दाखवायची टूम निघाली. बड्या नटनट्यांचा तो 'ए', आणि त्याच्या जोडीला तासा-सव्वा तासाचा 'बी'. 'ए'च्या गल्ल्यात स्टुडिओचा टक्का असे, 'बी' मात्र ठरलेल्या भाड्यानं जाई. कितीही गर्दी लोटली तरी जादा दमडी नाही, म्हणून खर्च आधीच आवळायचा.

आता मजा अशी की पैसा आवळला की डोकं चालतं. १९४५ चा 'डीटूर' बघा. मोटारीत बसलेली दोन माणसं, काचेमागं पडद्यावर सरकणारा रस्ता. न्यूयॉर्क दाखवायचं तर जवळजवळ नुसतं धुकं, त्यात कुठं दिव्याचा खांब. सेटचा खर्च धुक्यात बुडवला, आणि त्याच धुक्यात नायकाची घुसमट आयती सापडली. खुनाच्या गोष्टीला अंधार लागतोच, आणि अंधार फुकट मिळतो!

१९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मोठ्या स्टुडिओंना थिएटरांवरची मालकी सोडावी लागली. पुढं जोडीचे खेळ हळूहळू आटले आणि 'बी' हे नाव स्वस्तातल्या पिक्चरांना चिकटून राहिलं. म्हणून 'दर्जा' हा अर्थ. आपल्याकडं 'बी ग्रेड' म्हटलं की मॉर्निंग शोची भलतीच पोस्टरं डोळ्यांपुढं येतात, तेव्हा तो शब्द तर अजिबात नको. मी 'जोडपट' सुचवतो.

पिटातला प्रेक्षक :
'जोडपट' वाचून 'दुप्पट'सारखं काहीतरी वाटतं. किराणा मालाच्या ऑफरसारखं.

विट्याचा गडी :
आमच्याकडं 'बी'चं भाषांतर लागतंय कशाला? 'मी बी येतो', 'हे बी घे.' जत्रंत तंबूतला एक पिच्चर सुटला की आजा म्हणायचा, "आता त्यो बी बघूनच जाऊ." अमेरिकेतला 'बी' त्योच की!

ड्रॅग रेसिंगला मात्र 'ओढशर्यत' करू नका, हात जोडतो. दोन गाड्या, सरळ रस्ता, उभ्या जागेवरनं सुटायचं, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. 'ड्रॅग' कुठनं आलं यावर तिकडंच एकमत नाही, मग आपण का ओढत बसा? 'ड्रॅग रेस' असंच ठेवा. पण 'लेन'ला आपला शब्द आहे. बैलगाड्यांच्या शर्यतीत बघा. पुण्याकडं घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, एकेक गाडा घड्याळाशी पळतो. आपल्याकडं मैदानात गाड्या शेजारी शेजारी सुटतात आणि प्रत्येकीला तिचा 'तास' असतो. नांगराचा तास, तोच. दोन मोटारी, दोन तास. वाचणाऱ्याला लगेच उमजंल, निदान पुसेगावचं मैदान बघितलेल्याला तरी.

रीळवाला :
तास झकास! भर एवढीच, की दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडं ओस पडलेल्या विमानांच्या धावपट्ट्यांवर पोरं जुन्या मोटारी पळवायची. १९५१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही झाली. तीच पोरं तिकिटं काढणारी, आणि पडद्यावर दाखवायला चार मोटारी नि मोकळा रस्ता पुरे. हे पिक्चर कुणी विसरलं म्हणाल, तर १९५४ सालच्या अशाच एका स्वस्तातल्या मोटारपटाचं नाव २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस'साठी रीतसर हक्क घेऊन वापरलं गेलं.

विट्याचा गडी :
आणि 'जोडपट' नको असंल तर 'जोडीचा' म्हणा नुसतं. नावाजलेल्या बैलाबरोबर जुंपतात त्यो जोडीचा. पोस्टरवर फोटो एकाचा मोठा असतो, पळतात दोघं बी.

कृष्णाकाठ :
ठरलं. पहिल्यांदा येईल तिथं 'बी मूव्ही, म्हणजे जोडीचा पिक्चर', आणि पुढं सगळीकडं 'जोडीचा'. लेनला तास. आत्ता सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग आधी तसं सांगायचं की! तंबूत मी मोठ्या पिच्चरला झोपायचो. जोडीच्याला बरोब्बर जाग यायची."