कनिष्ठ सामुराईची गरिबी कितपत खरी?

चर्चाप्रस्ताव
सामुराई म्हटले की तलवार आठवते. परंतु जपानवर तोकुगावा घराण्यातील शोगुनांचे, म्हणजे लष्करी सत्ताधीशांचे, राज्य होते त्या काळाच्या उत्तरार्धातील कनिष्ठ सामुराईचा तलवारीपेक्षा कर्जाशीच अधिक संबंध येत असे. वेतन तांदळाच्या रूपात मिळे व कोकू या मापाने मोजले जाई, आणि एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, ढोबळमानाने एका माणसाचा वर्षाचा तांदूळ. एदो (आजचे टोकियो) शहरात शोगुनच्या चाकरांचा तांदूळ विकून देणारे फुदासाशी नावाचे अडते पुढच्या वेतनावर उचल देत आणि व्याजात घराणी बुडत. १७८९ मध्ये शोगुनचा प्रमुख मंत्री मात्सुदाइरा सादानोबू याने सहा वर्षांहून जुनी कर्जे रद्द केली, तेव्हा अडत्यांनी नवी उचल देण्यातच हात आखडला. जोडधंदा म्हणून छत्र्या बनवून घर चालवावे लागणाऱ्या अशा माणसाला सत्ताधारी वर्गात मोजणे मला पटत नाही.

प्रतिसाद १
असहमत. कर्ज मिळायलाही पत लागते, आणि ती पत वंशपरंपरागत वेतनाची होती. त्याच दशकातील तेन्मेई नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळात ईशान्येकडील खेड्यांत माणसे उपासमारीने मेली. सामुराईच्या ताटात येणारा तांदूळ अशाच खेड्यांतून कर म्हणून येत असे. छत्र्या करणाऱ्याच्या कमरेला दोन तलवारी होत्या, हे आपण सोयीस्करपणे विसरता.

प्रतिसाद २
आपण दोघेही सामुराईंना एकच वर्ग धरून चालला आहात. कनिष्ठ सामुराई घराण्यात जन्मलेले एकोणिसाव्या शतकातील विचारवंत फुकुझावा युकिची यांनी आपल्या नाकात्सू संस्थानाबद्दल लिहिले आहे, की वरिष्ठ व कनिष्ठ सामुराईंत विवाहसंबंध होत नसत आणि वरिष्ठ समोरून आला तर सर्वांत खालच्या आशिगारू शिपायाला भर पावसातही खडावा काढून रस्त्याकडेला साष्टांग वाकावे लागे. त्यांच्या वडिलांचे वेतन १३ कोकू आणि दोन माणसांचा शिधा. ते विद्वान होते, पण ओसाकाच्या वखारीत सावकारांशी संस्थानाच्या कर्जाची बोलणी करण्यात आयुष्य गेले. गंमत अशी, की शिक्षकाने मुलांना पाढे शिकवले तेव्हा याच गृहस्थांनी, हिशेब हे व्यापाऱ्याचे काम म्हणून, मुलांना तेथून काढून घेतले.

चर्चाप्रस्तावक
पाढ्यांचा प्रसंग माझ्या म्हणण्याला बळच देतो. ज्या कामावर पोट चालते त्याचीच लाज बाळगायला लावणारी प्रतिष्ठा ही त्या माणसाची मिळकत नव्हे, तिच्यावरचा कर होय. मात्र शेतकऱ्याशी तुलना करताना मी हात राखून लिहायला हवे होते, हे मान्य.

प्रतिसाद १
कर म्हणा, पण तो आनंदाने भरला जात होता, हेही म्हणा. १८७६ मध्ये, शोगुनांची राजवट संपल्यावर आलेल्या मेइजी सरकारने वेतनाऐवजी रोखे दिले आणि तलवार बाळगण्यास बंदी केली, तेव्हा त्याच वर्षी कुमामोतोत बंड झाले. त्या बंडखोरांचा मुख्य रोष तांदूळ गेल्याचा नव्हता, तलवार गेल्याचा होता.

प्रतिसाद २
कुमामोतोचे बंडखोर कट्टर धर्मनिष्ठ होते. त्यांच्यावरून सगळ्या कनिष्ठ सामुराईंचे मन ओळखू नये. फुकुझावांनी तर तलवारी विकून टाकल्या होत्या, आणि जन्मावरून माणसाची जागा ठरवणारी ती व्यवस्था आपल्या वडिलांची वैरी आहे, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले.