अनुभव धागा : घानाचा किनारा, रिसॉर्टच्या आत आणि बाहेर

टेमाकर :

नोकरीमुळे घानाची राजधानी अक्राजवळच्या टेम्यात राहतो. घरून फोन आला की ठरलेला प्रश्न असतो, "तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय?" आपल्याकडे आफ्रिकेची सहल म्हणजे केनियाची सफारी, केपटाउन, फार तर मॉरिशस. पश्चिम आफ्रिकेचं नाव सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकात क्वचितच दिसतं. घाना मात्र सहकुटुंब निवांत फिरावं असा देश आहे. इंग्रजीवर काम भागतं, माणसं बोलकी आहेत, आणि किनारा जवळजवळ साडेपाचशे किलोमीटर लांब आहे. इथे राहिलेल्या, कामासाठी येऊन गेलेल्या, मुलांकडे आलेल्या सगळ्यांनी लिहावं. खर्चाचे आकडे नकोत, इथल्या चलनाचा, सेडीचा भाव सारखा बदलतो. जागा, रस्ते, माणसं, खाणं याबद्दल लिहा. जे आवडलं नाही तेही लिहा.

मी रिसॉर्टपासून सुरुवात करतो. अक्राहून पश्चिमेला निघालं की कोक्रोबिटे, विनेबा, अनोमाबो, केप कोस्ट, एल्मिना आणि पार पुढे बुसुआ अशी मुक्कामाची ठिकाणं लागत जातात. नारळाच्या बनात खोल्या, समोर वाळू, जेवायला भाजलेला मासा. पूर्वेला अडा फोआ आहे. तिथे व्होल्टा नदी समुद्राला मिळते. एका हाताला संथ नदी, दुसऱ्या हाताला खवळलेला अटलांटिक आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. होडीवाले नदीमुखापर्यंत नेऊन आणतात. आमच्या घरी सुट्टीचा विषय निघाला की मुलं अडाच मागतात.

समुद्राबद्दल मात्र कळकळीने सांगतो. इथल्या पाण्याला ओढ फार आहे. लाट मागे फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि पट्टीचा पोहणाराही आत खेचला जातो. जीवरक्षक सगळीकडे नसतात. रिसॉर्टवाल्यांनी लाल बावटा लावला असो वा नसो, स्थानिक कोळ्याला विचारल्याशिवाय गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नका. पोहायचं तर रिसॉर्टच्या तलावात. बुसुआचा उपसागर त्यातल्या त्यात सौम्य आहे, तिथे सर्फिंगही शिकवतात.

खाडीकाठ :

टेमाकर, चांगला धागा काढलात. मी मालवणकडचा, टाकोराडी बंदरात कामाला होतो. रविवारी अनोमाबोच्या एका रिसॉर्टवर जेवायला जायचो आणि बराचसा वेळ कुंपणाबाहेरच घालवायचो, कारण तिथे रापण चालायची. हो, रापणच. आपल्यासारखीच होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि अख्खा गाव ओढायला लागतो.

एका मोठ्या झाडाचं खोड कोरून केलेली होडी असते, वर फळ्या ठोकून काठ उंच केलेले. अंगावर लाल, पिवळे, निळे पट्टे, बायबलमधली वचनं आणि फुटबॉल संघांची नावं. ओढणाऱ्यांच्या पुढे एक पोरगा लोखंडी घंटेवर ठोका धरतो, त्या ठोक्यावर एक जण गाण्याची ओळ टाकतो, बाकीचे झेलतात आणि त्याच झोकात दोर खेचला जातो. सगळ्यात मागे एक म्हातारा बसतो. आलेला दोर तो न बघता वाळूवर गोल गोल रचत असतो. त्या वेटोळ्यात एकही तिढा नाही. मी त्याच्या शेजारी बसून राहायचो. आमच्या आजोबांचं काम तेच होतं.

दोर जवळ आले की बायका पुढे होतात. जाळ्याच्या घोळात तारली, मांदेलीसारखी बारीक मासळी, थोडे खेकडे, आणि पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्यांचा ढीग. इथे पाणी अशा छोट्या पिशव्यांत विकतात, त्या सगळ्या शेवटी समुद्रात जातात. हे बघून जीव तुटतो. बायका ती घाण वेगळी करून मासळी इनॅमलच्या घमेल्यांत वाटून घेतात. मासेविक्रीचा सगळा कारभार बायकांच्या हातात. त्यांच्या प्रमुख बाईला कोंकोहेमा म्हणतात आणि भाव तिच्या संमतीने ठरतो. दोराला हात लावलेल्या पोरासोरांनाही मूठभर मासळी मिळतेच.

जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. मंगळवारी जाऊ नका. तो समुद्राचा दिवस, त्या दिवशी इथे कोणी जाळं टाकत नाही. होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि कोळी जाळी विणत बसतात. आणि फोटो विचारून काढा. आधी थोडा वेळ दोर ओढा, मग विचारा. मला कधीच कोणी नाही म्हटलं नाही.

माजघर :

मुलगी अक्र्यात असते, तिच्याकडे राहून आले. समुद्र, नारळ सगळं पाहिलं, पण मला लिहायचंय ते किल्ल्यांबद्दल.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, तो सोन्याच्या व्यापारासाठी. १६३७ मध्ये डचांनी तो जिंकला, १८७२ मध्ये इंग्रजांकडे आला. मधल्या काळात सोन्यापेक्षा माणसांचा व्यापार वाढला. केप कोस्टचा किल्ला तिथून जवळच आहे. घानातले हे किल्ले १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बाहेरून दोन्ही पांढरेशुभ्र. पायथ्याला रंगीत होड्या आणि मासळीबाजार.

केप कोस्टला गाइड आम्हाला पुरुषांच्या कोठडीत घेऊन गेला. उतरती वाट, वर हवेपुरता झरोका. त्याने दिवा मालवला आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग दिवा लावून पायाखाली बोट दाखवलं. शेकडो माणसं महिनोन्‌महिने तिथे कोंडलेली असायची, त्यांची घाण साचून, तुडवली जाऊन घट्ट झालेला थर म्हणजेच तिथली जमीन. खाली पाहवेना. याच कोठडीच्या बरोबर वर प्रार्थनामंदिर होतं. बाहेर आल्यावर ऊन अंगावर आलं तरी हातपाय गार होते.

आमच्या गटात अमेरिकेहून आलेलं एक काळं कुटुंब होतं, आजी, मुलगा, नातवंडं. आजींनी भिंतीला तळहात टेकवला आणि तशाच उभ्या राहिल्या. आम्ही सगळे मागे सरलो. शेवटचं दार समुद्रावर उघडतं. तिथून माणसं जहाजावर चढवली जायची, परत यायची नाहीत. १९९८ मध्ये अमेरिका आणि जमैकातून दोन गुलामांचे अवशेष याच दारातून उलट आत आणले आणि पुढे असिन मान्सोला नेऊन दफन केले. असिन मान्सोच्या नदीवर या माणसांना किनाऱ्याकडे नेण्याआधी शेवटची आंघोळ घालत. आता त्या दाराच्या समुद्राकडच्या बाजूला 'परतीचं दार' अशी पाटी आहे. त्या आजी बाहेर गेल्या आणि पाटी वाचून पुन्हा आत आल्या.

माझं स्पष्ट मत असं, की हे किल्ले रिसॉर्टला जाताना वाटेत अर्धा तास थांबून बघण्याचे नाहीत. सकाळी जा, सरकारी गाइड घ्या, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. काही जण त्या दारात उभे राहून हसत सेल्फी काढत होते, आपलेही लोक होते त्यात. कृपा करून हे करू नका. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची पणजी, खापरपणजी तिथून गेलेली असू शकते.

टेमाकर :

माजघर, लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मुलांना न्यावं का, असं मला नेहमी विचारतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना जरूर न्या, पण आदल्या रात्री जवळ बसवून काय बघणार आहोत ते सांगा. २०१९ साली, व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी गुलाम उतरल्याला ४०० वर्षं झाली म्हणून, घानाने 'परतीचं वर्ष' साजरं केलं. तेव्हापासून डिसेंबरात परदेशस्थ वंशजांची गर्दी वाढली आहे. नाताळच्या सुमारास यायचं असेल तर खोली फार आधी धरून ठेवा.

रानवाटा :

काकुमचं जंगल केप कोस्टपासून तासाभरावर. झाडांच्या शेंड्यांतून दोरांवर टांगलेले सात पूल आहेत, एकूण साधारण ३५० मीटर, जमिनीपासून ४० मीटरपर्यंत उंच. प्राणी दिसतील अशी आशा धरू नका, शनिवार-रविवारी शाळांच्या सहलींचा कलकलाट असतो. दार उघडताच आत शिरलात तर पक्षी ऐकू येतात.

हत्ती बघायचे तर उत्तरेला मोले राष्ट्रीय उद्यानात जा. अक्राहून विमानाने टमाले आणि पुढे गाडीने. कड्यावर राहण्याची सोय आहे, खाली पाणवठा, आणि कोरड्या दिवसांत हत्ती तिथे डुंबताना खोलीसमोरून दिसतात. बंदूकधारी वनरक्षकासोबत पायी फिरता येतं. जवळच लाराबांगाची मातीची जुनी मशीद आहे, भिंतींतून लाकडाची टोकं बाहेर आलेली, तीही बघा. उत्तर टाळून घाना बघितला असं मी तरी म्हणणार नाही.

एक वाईट वाटलेली गोष्ट. टाकोराडीच्या रस्त्यावर बेपोसोला प्रा नदी ओलांडताना पाणी पाहा. बेकायदा सोन्याच्या खाणींमुळे ते पार गढूळ, पिवळट झालंय. त्या खाणकामाला इथे गॅलमसे म्हणतात आणि प्रत्येक टॅक्सीवाला त्यावर पोटतिडकीने बोलतो.

पाहुणचार :

हॉटेल मॅनेजमेंट करून घानाच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये नोकरी केली, नाव लिहीत नाही. आतली बाजू सांगतो.

आमच्याकडे पाहुण्यांच्या पानात पडणारं बरंचसं बाहेरून यायचं. चीज, लोणी, फळांचा रस, कोंबडीसुद्धा आयात. दाराबाहेर बाई अननस सोलून विकत असायची, आणि आत डब्यातला रस. मी व्यवस्थापनाशी यावर बरंच बोललो. अननस सुरू झाला, बाकी तसंच राहिलं. शिवाय कुंपण अशा जागी घातलं होतं की कोळ्यांना होड्या लावायला लांब वळसा पडायचा. ज्यांच्या वाळूवर आपण खाटा टाकून पडतो त्यांनाच तिथून हटकायचं, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही.

म्हणून माझं सांगणं : राहा रिसॉर्टमध्ये, पण एक तरी जेवण बाहेर घ्या. गाइड गावातला घ्या. केंते म्हणजे इथलं रंगीत हातमागाचं वस्त्र, ते घ्यायचं तर कुमासीजवळच्या बोनवायरला विणकराच्या मागापाशी जाऊन घ्या. वीतभर रुंदीच्या पट्ट्या विणून त्या जोडतात, एकेका मोठ्या वस्त्राला महिने लागतात, ते बघितल्यावर घासाघीस करायला जीभ उचलत नाही. कोको बघायचा असेल तर अबुरीची बाग करून मांपोंगला टेटे क्वार्शी यांच्या मळ्यावर जा. १८७९ मध्ये त्यांनी फर्नांडो पो बेटावरून बिया आणून लावल्या आणि तिथून घानातली कोकोची शेती पसरली. फळ फोडून देतात, बीभोवतीचा पांढरा गर आंबटगोड लागतो. चॉकलेटचा त्यात मागमूस नसतो.

तिखटमीठ :

आम्ही शाकाहारी, तरी उपाशी राहिलो नाही. वाचे म्हणजे चवळी घालून ज्वारीच्या पानांबरोबर शिजवलेला तांबूस भात, सकाळी रस्त्यावर मिळतो. रेड-रेड म्हणजे पामतेलातली चवळीची उसळ, सोबत तळलेली पिकली केळी. आलं-मिरची लावून तळलेली केळी म्हणजे केलेवेले, संध्याकाळी गाडीवर गरम खा. कोसे हे चवळीचे वडे. मात्र प्रत्येक ठिकाणी "यात मासा आहे का" हे विचाराच, कारण सुकी मासळी किंवा शितो नावाची काळी झणझणीत चटणी कशातही पडते आणि शितोत सुकट असते. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, मासा वेगळा सांगावा लागतो. मासे खाणाऱ्यांनी अकोसोम्बोकडे जाताना आटिम्पोकूच्या पुलापाशी थांबावं, गाडी थांबताच बायका तळलेली कोळंबी आणि पानातले आबोलो (मक्याच्या पिठाचे वाफवलेले गोळे) घेऊन खिडकीशी येतात. पैसे देताना, वस्तू घेताना उजवा हात. डावा पुढे केलेला चालत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

निवांत :

सगळ्यांचे आभार. आईवडिलांना घेऊन जायचा विचार आहे, दोघंही सत्तरीचे. आजारपणाची भीती वाटते. कधी जावं आणि तयारी काय करावी?

टेमाकर :

नोव्हेंबर ते मार्च हे कोरडे महिने. त्यातही डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हरमॅटन वारा सुटतो, हवेत बारीक धूळ असते. वडिलांना दमा असेल तर नोव्हेंबर बरा. मे-जूनमध्ये मोठा पाऊस.

पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. साठीपुढच्या माणसांना ती देताना डॉक्टर जास्त काळजी घेतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आईवडिलांना डॉक्टरांकडे न्या. लसीचं पिवळं पुस्तक परततानाही हातातल्या बॅगेत ठेवा, ते नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा निघण्याआधी सुरू करायच्या आणि परतल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या, मधेच सोडायच्या नाहीत. पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी, बाटलीबंद पाणी. मुंबईहून अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे या, आई-वडिलांसाठी विमानतळावर चाकांची खुर्ची आधीच मागून ठेवा. अक्रात चांगले दवाखाने आहेत, पण किनाऱ्यावरच्या गावांत ती सोय तोकडी आहे, म्हणून दोघांचा मुक्काम अक्रा, अडा आणि केप कोस्ट एवढाच ठेवा. आणि परतल्यावर महिनाभरात, किंवा त्यानंतरही, ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की घानाहून आलोय, म्हणजे ते त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासतील.