10 मीटर एअर रायफल: छर्रे 4.49 की 4.50?

गंगापूररोडकर:
मुलगी नववीत आहे, पीसीपी (दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल वापरते. आतापर्यंत क्लबचे छर्रे होते, आता स्वतःचे घ्यायचेत. डब्यांवर 4.49, 4.50, 4.51 असे आकडे दिसतात, वजन कुठे 0.45 ग्रॅम, कुठे 0.53. दुकानदार म्हणतो टोकदार घ्या, सरळ जातात. नेमकं काय बघायचं?

सिडकोचा नेमबाज:
टोकदार नकोच. 10 मीटरला चपट्या डोक्याचाच छर्रा लागतो, कारण कागदावर गोल, स्वच्छ भोक पडतं. टोकदाराने कागद फाटतो आणि गुण मोजताना वाद होतो. 0.53 साधारण रायफलचा, 0.45 मुख्यतः पिस्तूलचा.
4.49, 4.50 हा डोक्याचा व्यास. तो तुमची नळी ठरवते, मैत्रिणीची रायफल नाही. एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांना वेगळे छर्रे मानवतात. म्हणून रेंजवर रायफल शिकंजात घट्ट धरून प्रत्येक आकाराचे 10-10 मारा, एका आकाराचे दहाही एकाच कागदावर. भोकांचा पुंजका बाहेरून बाहेर व्हर्नियरने मोजा, त्यातून 4.5 वजा करा.
हिशेब असा: बाहेरून 7 मिमी आला तर भोकांच्या मध्यांमधलं जास्तीत जास्त अंतर 2.5 मिमी. म्हणजे मुलीचा नेम अगदी मध्यावर असला तरी एखादा शॉट 10.9 पैकी 10.5 गुणांवर येऊ शकतो. 6 मिमी असेल तर 10.7. पुंजका 9.5 मिमीच्या पुढे गेला तर छर्रा स्वतःच शॉट नऊच्या गुणांत नेतो!

पंचवटी 177:
आकडे बरोबर, पण नववीच्या मुलीसाठी एवढी घाई कशाला? तिच्या स्वतःच्या नेमाचाच फरक छर्र्यांच्या फरकापेक्षा मोठा असणार. आधी चांगला मॅच दर्जाचा 0.53 घ्या, आणि डबे एकाच लॉट नंबरचे. लॉट बदलला की पुंजका सरकतो, मुलं उगाच साइटचे क्लिक फिरवत बसतात.

गंगापूररोडकर:
शिकंजा नसेल तर?

सिडकोचा नेमबाज:
वाळूच्या पिशवीवर टेकवून, तेही अनुभवी नेमबाजाकडून. दोन आकार आलटून पालटून मारायला लावा, नाहीतर दमल्यानंतरचा छर्रा विनाकारण नापास होतो. नळी नुकतीच साफ केली असेल तर सुरुवातीचे 10 मोजू नका.

पंचवटी 177:
डबा खाली पडला तर वरवरचे बघून समाधान मानू नका. मागची पातळ कड चेपली की छर्रा भरकटतो. काचेवर घरंगळवा, डगमगणारा सरावाच्या वेगळ्या डबीत. पावसाळ्यात झाकण उघडं ठेवू नका, शिशावर पांढरी पूड धरते. तसला छर्रा नळीत घालायचा नाही. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात नको, जेवणाच्या डब्याला म्हणतोय.