क्लासिकल रेकॉर्डचा प्रोड्युसर नेमकं करतो तरी काय?

जुनी_तबकडी:
मंडळी, मामाकडच्या शंभरेक एलपी गेल्या महिन्यात माझ्याकडे आल्या, जवळपास सगळं हिंदुस्थानी संगीत, पण तळाशी एक खोकं निघालं, जर्मन संगीतकार वागनरच्या ऱ्हाइनगोल्ड या ऑपेराचा (गाऊन सादर होणारं नाटक) तीन रेकॉर्डचा सेट, डेक्का कंपनीचा, कंडक्टर सोल्टी. जर्मन ओ की ठो कळत नाही, तरी चार रविवार तेच लावतोय. सुरुवातीला जो खर्ज येतो ना, जमिनीखालून आल्यासारखा, आणि मग हळूहळू त्याच्यावर एकेक वाद्य चढत जातं, त्यानेच पकडून ठेवलंय. नेटवर वाचायला गेलो तर जो तो सोल्टीच्या जोडीला जॉन कल्शॉ या प्रोड्युसरचं नाव घेतोय. आपल्याला प्रोड्युसर म्हणजे पिक्चरला पैसे लावणारा एवढंच माहीत. वाजवतंय ऑर्केस्ट्रा, माइक लावतोय इंजिनियर, मग हा माणूस करत काय होता? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

मंद्र_सप्तक:
फार चांगला प्रश्न. मी बारा-तेरा वर्षं हेच ऐकतोय त्यामुळे थोडं लांबेल.

कल्शॉ इंग्लंडचा, 1924 चा जन्म. शाळा सुटल्यावर बँकेत कारकून, मग युद्धात नौदलाच्या विमानात नॅव्हिगेटर, संगीताचं रीतसर शिक्षण असं नाहीच, सगळं स्वतः ऐकून वाचून कमावलेलं. 1946 ला डेक्कात लागला तो पब्लिसिटीत, रेकॉर्डच्या पाठीमागचा मजकूर वगैरे लिहायला, आणि तिथून प्रोड्युसर झाला. तुमच्याकडची रेकॉर्ड 1958 ची, म्हणजे तेव्हा तो फक्त 34 वर्षांचा.

आता काम काय, तर कोण गाणार, कुठल्या हॉलमधे, कुठला टेक (एका दमात घेतलेलं रेकॉर्डिंग) ठेवायचा, कुठला परत घ्यायचा हे सगळं त्याच्याकडे. पण कल्शॉची खरी गोष्ट पुढेच आहे. स्टीरिओ नवीन आलं होतं आणि त्याचं म्हणणं असं की घरी बसलेल्या माणसाला स्टेज दिसत नाही, तर ते त्याच्या कानात उभं करायला हवं. व्हिएन्नाच्या सोफिएनझाल हॉलमधे रेकॉर्डिंग व्हायचं. हा हॉल मुळात स्नानगृह, खाली तरणतलावाची पोकळी तशीच राहिलेली, त्यामुळे आवाजाला एक ऊब यायची. तिथे जमिनीवर चौकोन आखून नंबर टाकलेले, आणि गायकाने कुठल्या ओळीला कुठल्या चौकोनातून कुठे जायचं हे ठरलेलं. तो चालत गेला की तुमच्या डाव्या स्पीकरमधून आवाज उजव्यात जातो.

आणि ते ऐरणींचं! ऱ्हाइनगोल्डमधे देव पाताळात उतरतात तिथे वागनरने संगीतातच 18 ऐरणी लिहिल्यात, थिएटरमधे बरेचदा कमीत भागवतात, कल्शॉने खऱ्याखुऱ्या 18 आणल्या आणि तितकी माणसं घण मारायला उभी केली. फ्रिका या देवीच्या भूमिकेला त्याने नामवंत गायिका कर्स्टन फ्लागश्टाटला आणलं, बाईंचं वय तेव्हा 63. ऱ्हाइनगोल्ड हा वागनरच्या रिंग नावाच्या चार ऑपेरांच्या मालिकेतला पहिला. पुढे 1965 पर्यंत त्याने अख्खी रिंग पूर्ण केली, चार ऑपेरा मिळून 19 एलपी. शेवटच्या भागात नायक झीगफ्रीट गुंटर नावाच्या दुसऱ्या पात्राचं रूप घेतो, तिथे कल्शॉने टेनरचा (उंच पुरुषी आवाज) आवाज यंत्राने खाली आणून बॅरिटोनसारखा (त्याहून खालचा) केला, कारण गोष्टच तशी आहे.

विहिरीचा_काठ:
वरच्या प्रतिसादाला मान आहे, पण मला एक खटकतं ते स्पष्ट लिहितो. हे सगळं घडवलेलं आहे. डेक्काच्याच दुसऱ्या मंडळींनी 1955 साली जर्मनीतल्या बायरॉइटला, वागनरच्या ऑपेरांच्या महोत्सवात, प्रत्यक्ष प्रयोग चालू असताना पूर्ण रिंग स्टीरिओत घेतली होती, कंडक्टर काइलबेर्थ, आणि ती तशीच पडून राहिली, बाहेर आली थेट 2006 ला. कल्शॉला लाइव्ह रेकॉर्डिंग आवडायचं नाही. ती ऐका, रंगमंचावरच्या पावलांचे आवाज, खोकला, सगळं आहे, पण गायक समोरच्या माणसांसाठी गातोय हे कळतं. मैफलीत बसलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

मंद्र_सप्तक:
काइलबेर्थची मलाही प्रिय आहे, आणि ती इतकी वर्षं कपाटात राहिली याचं वाईटच वाटतं. पण कल्शॉची बाजू घेतो ती अशासाठी की काही गोष्टी रेकॉर्डवरच शक्य झाल्या. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराची वॉर रिक्विएम घ्या, युद्धातल्या मृतांसाठीची प्रार्थना-रचना. त्याने तीन आवाज मनात धरून लिहिली, एक इंग्रज, एक जर्मन, एक रशियन, युद्धातले तीन देश. 1962 ला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत पहिला प्रयोग झाला तेव्हा सोव्हिएत सरकारने रशियन गायिका विश्नेव्हस्कायाला येऊच दिलं नाही. ते तिघं एकत्र आले ते जानेवारी 1963 ला, लंडनच्या किंग्जवे हॉलमधे, कल्शॉच्या रेकॉर्डिंगला. पाच महिन्यांत दोन लाख सेट खपले. आता याला नुसतं घडवलेलं कसं म्हणायचं? 1967 ला त्याने डेक्का सोडलं, बीबीसीत गेला, आणि 1980 ला अवघ्या 55 व्या वर्षी वारला.

षड्ज_गिरगाव:
आपल्याकडचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून लिहिते. जी. एन. जोशी. आपल्या आधीच्या पिढीला भावगीत गायक म्हणून माहीत, रानारानात गेली बाई शीळ त्यांचंच, पण एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत बसून त्यांनी शास्त्रीय संगीताच्या किती रेकॉर्ड केल्या ते फारसं कुणी बोलत नाही. जुन्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात ख्याल बसवायचा म्हणजे काय कापायचं आणि काय ठेवायचं हे ज्याला गाणं कळतं त्यालाच सांगता येणार ना. मग जास्त वेळ वाजणारी एलपी आली, हात मोकळे झाले. 1967 ची कॉल ऑफ द व्हॅली त्यांचीच निर्मिती, शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस, अहिरभैरवपासून पहाडीपर्यंत. तिघंही तेव्हा तरुण. जुनी_तबकडी, मामांच्या ढिगात नक्की बघा, असणारच.

जुनी_तबकडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. कॉल ऑफ द व्हॅली आहे, कव्हरचा कोपरा वाळवीने खाल्लाय पण तबकडी स्वच्छ आहे. आणि आत्ता जेवण झाल्यावर ऐरणींची जागा परत लावली. आधी तो नुसता गोंगाट वाटायचा. या वेळी डोळे मिटून बसलो तर काही घण जवळ, काही लांब, आणि ऑर्केस्ट्रा थांबतो तिथे फक्त लोखंडच वाजत राहतं. आईने आतून विचारलं, खाली कुणाचं काम चालू आहे का रे.