एकाच देशावर अवलंबून राहिल्याने निर्यातमालाचा दर्जा खुंटतो का?

प्रश्न: वरुडचा बागाईतदार

आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यातील नागपुरी संत्र्याचा परदेशी ग्राहक म्हणजे प्रामुख्याने बांगलादेश, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. 2019 ते 2023 या काळात त्या देशाने आयात शुल्क चौपटीहून अधिक वाढवले आणि निर्यात कोसळली, तेव्हा सगळी चर्चा भाव आणि अनुदान यांभोवतीच फिरली. मला पडलेला प्रश्न थोडा वेगळा आहे. इतकी वर्षे एकच गिऱ्हाईक असल्यामुळे आपल्या मालाचा दर्जाच जागच्या जागी राहिला, असे म्हणता येईल का? आमच्याकडे व्यापारी झाडावरच्या मालाचा सौदा करतो, तोडणी झाली की माल नजरेनेच निवडला जातो आणि क्रेट भरून ट्रक सीमेकडे निघतो. फळात बिया किती आहेत, ते किती दिवस टिकेल, हे तिकडून कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

उत्तर: अर्थशास्त्राचा शिक्षक

आपली शंका रास्त आहे, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण जॉर्जियाच्या वाइनचे आहे. 2006 पूर्वी त्या देशाच्या वाइन-निर्यातीपैकी चार पंचमांशांहून अधिक माल रशियात जात असे. तिथल्या ग्राहकाला अर्धगोड लाल वाइन आवडे आणि किंदझ्मराउली, ख्वांचकारा ही नावे सोव्हिएत काळापासून त्याच्या ओळखीची होती. त्यामुळे बाटलीत काय आहे यापेक्षा लेबलावर काय आहे यालाच मोल आले आणि त्या नावांनी बनावट मालही भरपूर विकला गेला. 2006 मध्ये रशियाने आरोग्याचे कारण पुढे करून आयात बंद केली. कारण राजकीय होते असे बहुतेकांचे मत आहे, मात्र भेसळीच्या आरोपाला जागा उत्पादकांनीच ठेवली होती, हेही नाकारता येत नाही. पुढची काही वर्षे हलाखीची गेली. पोलंड, चीन यांसारख्या बाजारांत शिरताना जुनी ओळख कामी येईना, तेव्हा कोरड्या वाइनकडे, सापेरावीसारख्या स्थानिक द्राक्षवाणांकडे आणि जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन मुरवण्याच्या पद्धतीकडे लक्ष गेले. 2013 मध्ये या पद्धतीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्याच वर्षी रशियाने दार पुन्हा उघडले आणि काही काळातच तो पुन्हा सर्वांत मोठा ग्राहक झाला. म्हणजे धडा शिकूनही जवळच्या, ओळखीच्या बाजाराची ओढ सुटत नाही.

उत्तर: निफाडचा द्राक्ष उत्पादक

शिक्षक महोदयांचे विवेचन पटले, तरी दोष ‘एक’ या आकड्याला देणे मला मान्य नाही. आमची द्राक्षेही मुख्यतः युरोपकडेच, त्यातही नेदरलँड्सच्या बंदरातून जातात. पण तो ग्राहक कडक असल्याने दर्जा वाढलाच. प्लॉटची नोंदणी, तोडणीपूर्वी रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेल्या औषधांच्या अंशाची तपासणी, मण्याचा आकार, साखर, या सगळ्याची शिस्त त्यानेच लावली आणि 2006 पासून अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंद-प्रणालीवर प्रत्येक पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो.

अर्थात या शिस्तीलाही झापडे असतात. 2010 मध्ये क्लोरमेक्वॉट क्लोराईड, म्हणजे आमच्या बोलीतले ‘सीसीसी’, युरोपात आपल्या द्राक्षांत सापडले आणि कंटेनर अडकले. वेलीची वाढ आवरण्यासाठी ते सर्रास वापरले जात होते, पण आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते. अहवाल स्वच्छ आणि माल अडकलेला, अशी ती अवस्था होती. गिऱ्हाईक जेवढे विचारते तेवढेच आपण तपासतो, ही खोड संत्र्याची आणि द्राक्षाची सारखीच आहे. फरक एवढाच की आमचे गिऱ्हाईक जास्त विचारते.

उत्तर: पॅकहाऊसमध्ये काम करणारा

अंतराचाही विचार करावा. ट्रकने काही दिवसांत पोहोचणाऱ्या बाजारासाठी वॅक्सिंग (फळावर मेणाचा पातळ थर देणे) आणि शीतसाखळीवर खर्च करायला कोण तयार होईल? शिवाय शुल्काचा बोजा किलोमागे पडतो असे धरले, तर उत्तम आणि सुमार फळावर तो सारखाच बसतो. म्हणजे महाग फळ तो अधिक सहज पेलू शकते. शुल्कवाढीनंतर निवडक माल तरी टिकायला हवा होता.

प्रश्नकर्ता

तो टिकला नाही, कारण निवडक माल वेगळा काढण्याची सवयच आम्हाला नव्हती. यंदा अंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या हंगामाचे, दोन क्रेट मी घरी सावलीत ठेवले होते, एक नेहमीसारखा झटक्याने तोडलेला आणि दुसरा कात्रीने देठ राखून. नवव्या दिवशी पहिल्यातील अकरा फळे देठाकडून मऊ पडली होती आणि दुसऱ्यातील दोन. व्यापाऱ्याला हे दाखवले, तेव्हा कात्रीच्या मजुरीचे पैसे कोण देणार, असे त्याने विचारले.